वर निखारे, खाली निखारे

मराठी घरात ओव्हन आला तो बहुधा लग्नाच्या आहेरातून नाहीतर दिवाळीच्या बोनसमधून. पहिल्या वर्षी तो केक-नानकटाईला राबला आणि मग माळ्यावर गेला. त्याच्याही आधीच्या पिढीत भाजायचं काम बेकरीवाल्याकडे असे. दिवाळीच्या तोंडावर पुण्यामुंबईच्या वाड्याचाळींतल्या बायका रवा, मैदा, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून बेकरीत नेत आणि तिथल्या भट्टीतून नानकटाई भाजून आणत. त्यामुळे एक समज घट्ट झाला: तळणं, उकडणं, परतणं हे आपलं, आणि भाजून केलेलं गोड हे बेकरीचं किंवा साहेबाचं. घरी ओव्हन नसेल तर त्या वाटेला जायचं नाही.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या स्वयंपाकघरांना हा समज कधी शिवला नाही. पावाची भट्टी तिथेही पोदेराची, म्हणजे पाववाल्याचीच होती, घरात कुणी पाव भाजत नव्हतं. पण पिकलेलं तवस, बरका फणस, उतू चाललेला रायवळ आंबा यांचं तांदळाच्या रव्यात कालवून जे धोंडस होतं (तवसाच्या धोंडसाला गोव्याकडे तवसळी म्हणतात), ते मात्र घरातल्या चुलीवर, घरातल्याच टोपात भाजलं जाई. आजही अनेक घरांत भाजतात. हे पुस्तक त्या एका पदार्थाचं आणि त्याच्या भावंडांचं आहे. पाककृती मोजक्याच आहेत. पण त्या करताना हाताला काय जाणवायला हवं ते कृतीच्या चार ओळींत बसत नाही, म्हणून ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

आधी त्या भाजण्याविषयी. टोपाला आतून तूप लावायचं, तळाला पान घालायचं, त्यावर मिश्रण थापायचं, सपाट जड झाकण ठेवायचं आणि झाकणावर निखारे पसरायचे. चुलीतली लाकडं बाहेर ओढून घेतलेली, खाली नुसती धग. काही घरांत तर मुख्य चुलीला हातच लावत नाहीत, बाजूच्या वैलावर हे काम सोपवतात, म्हणजे तिकडे भात शिजतो आणि इकडे हे आपल्या गतीने होतं. निखारे करवंटीचे असले तर उत्तम. करवंटी कडक जळते आणि तिचा निखारा बराच वेळ टिकतो, नारळाच्या सोडणासारखी ती भुरूभुरू जळून राख होत नाही.

निखारे वर जास्त आणि खाली कमी, हे कोकणातली कुठलीही आजी सांगेल. कारण विचारलं तर ती म्हणेल, खाली लागतं म्हणून. तेच खरं कारण आहे. तळाचं मिश्रण तापलेल्या धातूला थेट चिकटलेलं असतं, त्याला उष्णता सरळ मिळते. वरच्या बाजूला मिश्रण आणि झाकण यांच्यात चार बोटं हवा असते. तिथे झाकणाची धग अंगावर पडेल तेवढीच. म्हणून वरून दुप्पट विस्तव दिला तेव्हा कुठे दोन्ही बाजू बरोबरीने भाजल्या जातात. अमेरिकेतले आणि दक्षिण आफ्रिकेतले लोक उघड्यावर स्वयंपाक करताना बिडाचं जड भांडं वापरतात. निखारे घरंगळू नयेत म्हणून त्याच्या झाकणाला उभा काठ असतो. अमेरिकेत पीच या फळाचं कॉबलर त्यात भाजतात आणि निखाऱ्यांची वाटणी करताना तोच हिशोब धरतात. एकमेकांना न भेटता दोघे एकाच हिशोबाला पोचले, कारण विस्तव दोन्हीकडे सारखाच वागतो.

वरून विस्तव देण्याची ही युक्ती आपल्या किनाऱ्यावर आणखीही ठिकाणी दिसते. गोव्याचा बेबिंका, ज्याला 2023 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तो एकेक थर वरच्या निखाऱ्यांवर भाजत चढवला जातो. मुंबईच्या पाठारे प्रभूंचं भानोलं, कोबीचं असो वा कोळंबीचं, तेही मुळात वर-खाली विस्तव ठेवूनच होत असे. म्हणजे ओव्हन नव्हता म्हणून आपल्याकडे भाजण्याचे पदार्थ झाले नाहीत, हे म्हणणं टिकत नाही. ओव्हन होता. तो पेटीच्या आकाराचा नव्हता, एवढंच.

आता मापांविषयी. या पुस्तकातल्या एकाही कृतीत पाण्याचं माप दिलेलं नाही, आणि यावरून वाचक तक्रार करणार हे मला आत्ताच दिसतं आहे. मराठीत पाककृतींची पुस्तकं शंभरहून अधिक वर्षं निघताहेत. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ 1910 चं. 1970 साली आलेल्या कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचा हिशोब घराघरांत नेला आणि नव्या नवऱ्यांना व नव्या नवऱ्या मुलींनाही धीर दिला. माझा स्वतःचा स्वयंपाक त्याच वाटीवर उभा आहे, तेव्हा तिला मी नावं ठेवणार नाही. शंकरपाळ्याला, चिरोट्याला, लाडवाला वाटी चालते, कारण मैदा आणि साखर दर वर्षी सारखीच वागतात. फळ तसं वागत नाही. तवसात शंभर भागांतले पंच्याण्णव भाग पाणी असतं, आंब्यात त्र्याऐंशीच्या आसपास, फणसात त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर. हे झाले ढोबळ आकडे. भर पावसात वेलावरून उतरवलेलं तवस आणि तेच महिनाभर आढ्याला टांगून ठेवलेलं तवस यांत पुन्हा फरक. धोंडसात रवा शिजतो तो फळाच्या या अंगच्या पाण्यात. म्हणून कृती वाटीपासून सुरू न करता फळापासून सुरू करावी लागते. फळ आधी किसायचं किंवा गाळायचं, त्याचा रस पाहायचा आणि मग रवा किती ते ठरवायचं. मी दिलेली मापं ही सुरुवात करण्यापुरती आहेत.

तवस म्हणजे बाजारातली कोवळी हिरवी काकडी नव्हे. श्रावण-भाद्रपदात मांडवावर पसरलेल्या वेलाला जी हातभर लांब, जाडजूड काकडी धरते आणि पिकून पिवळी-तपकिरी होते, सालीवर नकाशावरच्या रेघांसारख्या भेगा पडतात, ते तवस. वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने ते फळच. कोकणात ते गवताच्या नाहीतर सुंभाच्या फासात अडकवून आढ्याला टांगतात आणि दिवाळीपर्यंत, कधी त्यानंतरही, एकेक करून खाली उतरवतात. गोव्यात गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या माटोळीतही ते लटकलेलं दिसतं.

तवस कापण्याची एक रीत आहे आणि ती पाळाच. देठाकडची चकती काढायची आणि तिच्या आतल्या बाजूचा तुकडा जिभेवर ठेवून पाहायचा. नंतर टोकाकडचा. कडवटपणा बहुतेक वेळा देठाकडे असतो आणि तिथे थोडा लागला तर तेवढा भाग उडवून पुढचा तुकडा चाखायचा. मधला गरही कडू निघाला तर अख्खं तवस टाकून द्यायचं. हळहळ वाटते, एवढं मोठं फळ असतं. पण कडू काकडीतलं द्रव्य पोटाला बाधतं, ते शिजवून जात नाही आणि कितीही गूळ घातला तरी लपत नाही. गोड निघालं तर साल काढायची, उभं चिरायचं, बिया आणि त्यांच्याभोवतीचा बुळबुळीत गाभा चमच्याने खरवडून वेगळा करायचा. हा गाभा गाळणीत दाबला की वाटीभर आंबूसगोड पाणी निघतं. ते टाकायचं नाही. कीस घट्ट वाटला तर हेच पाणी पुढे कामाला येतं. कीस मात्र पिळायचा नाही. कोशिंबिरीच्या सवयीने हात आपोआप पिळायला जातो.

यापुढचं काम सोपं आहे. दोन वाट्या कीस, पाऊण ते एक वाटी चिरलेला गूळ आणि चिमूटभर मीठ जाड बुडाच्या भांड्यात एकत्र करून मंद आचेवर ठेवायचं. गूळ विरघळेपर्यंत तवस आपलं सगळं पाणी सोडतं आणि पाच मिनिटांपूर्वी कोरडा दिसणारा कीस रसात पोहू लागतो. इथे नवख्या माणसाचा धीर सुटतो आणि तो रवा ओतत सुटतो. थांबावं. तुपावर तांबूस भाजलेला तांदळाचा जाडसर रवा एक वाटीभर घालावा, ढवळत राहावं. रवा फुगायला वेळ घेतो, पण घेतला की एकदम घेतो. मिश्रण भांड्याच्या कडा सोडून मध्ये गोळा होऊ लागलं, पण उलथन्यावरून अजून सावकाश घसरतं आहे, ही नेमकी वेळ. मग खोवलेलं खोबरं, नारळाच्या पातळ कातळ्या, काजू, वेलची आणि जायफळ. सुंठ माझ्या आवडीची आहे, पुस्तकात ती कंसात दिली आहे.

पानाचं म्हणाल तर भाद्रपदात हळदीचं पान घालावं. त्या दिवसांत ते परसात हातभर वाढलेलं असतं आणि त्याचा वास तवसाला असा लागतो की वेलची नसली तरी चालेल. मे महिन्यात फणसाचं धोंडस करताना हे पान मिळत नाही, हळद तेव्हा नुकती मातीत जात असते. तेव्हा केळीचं पान विस्तवावर शेकून मऊ करून घालतात. पानांचं हे वेळापत्रक कुणी ठरवून केलेलं नाही, आणि शहरात बारमाही हळदीची पानं विकत घेऊन ते मोडायलाही माझी हरकत नाही.

फणस हे वेगळं प्रकरण आहे. इथे बरकाच लागतो. कापा फणस खायला देखणा, गरा दाताखाली कुरकुरतो, पण तो रस देत नाही. बरक्याचे गरे लिबलिबीत, हातातून निसटणारे. हाताला आणि सुरीला आधी खोबरेल लावायचं, नाहीतर चीक दोन दिवस निघत नाही. आठळ्या काढून गरे चाळणीवर तळव्याने घासत राहायचं. खाली केशरी-पिवळा दाट रस पडतो आणि वर चाळणीत तंतूंचा गुंता उरतो. फणस उघडला त्याच दिवशी हे उरकावं, कारण गरे रात्रभर राहिले तर आंबतात. फणसाचा रस तवसापेक्षा खूप दाट आणि खूप गोड, त्यामुळे गणित उलटं होतं. गूळ कमी करायचा आणि रवा शिजायला जे पाणी कमी पडतं ते नारळाच्या रसाने भरून काढायचं. दोन वाट्या रसाला दीड वाटी रवा आणि वाटीभर नारळाचा दुसरा रस, इथून सुरुवात करावी. साधं पाणी घातलं तर शिजेल, पण फणसाचा दर्प अंगावर येतो. नारळ त्याला आवरतो.

आंब्याविषयी माझं मत बऱ्याच जणांना रुचणार नाही. हापूस भाजू नये. त्याचं सारं मोल त्याच्या सुवासात आहे आणि तो सुवास पाऊण तासाच्या धगीत उडून जातो. उरतो तो महागडा गोडवा. धोंडसाला रायवळ घ्यावा, पायरी चालेल. रायवळाचा आंबटपणा भाजल्यावरही जागा राहतो आणि गुळाशी त्याचं जमतं. केळ्याची एक कृती शेवटी दिली आहे. ती बारा महिने होते, सालीवर काळे ठिपके पडलेली केळी संपवायला बरी. याहून तिच्याविषयी सांगण्यासारखं काही नाही.

रवा तांदळाचा का, गव्हाचा का नाही? गव्हाचाही चालतो, शहरात बहुतेक जणी तोच घेतात. गव्हाच्या रव्याने धोंडस हलकं, शिऱ्याच्या अंगाने जाणारं होतं. तांदळात गव्हासारखं चिवट प्रथिन नसतं. तिथे सगळी बांधणी पिष्टाची. तांदळाचं पिष्ट 70 अंशांच्या आसपास पाणी पिऊन फुगतं, चिकटतं आणि गार झालं की घट्ट बसतं. त्यामुळे तांदळाचं धोंडस दाणेदार आणि भरीव होतं, वडी सुबक पडते. तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून, घरी मिक्सरवर जाडसर काढावा. इडलीरवा आयत्या वेळी वापरता येतो, पण तो उकड्या तांदळाचा असतो, पाणी अधिक पितो, तेव्हा थोडा कमीच घ्यावा.

आणि गूळ. साखरेचं धोंडस फिकट राहतं. साखरेला तांबूस व्हायला 160 अंशांपर्यंत तापावं लागतं, तर फळात आणि गुळात असलेली फ्रुक्टोज 110 च्या सुमारास रंग धरू लागते. पण ओला पदार्थ शंभराच्या वर तापत नाही. आतलं पाणी आहे तोवर आतला भाग शिजतो, भाजत नाही. वरचा पातळ थर मात्र कोरडा होतो, शंभर ओलांडतो आणि खरपूस होतो. भाजलेल्या धोंडसाची आणि नुसत्या उकडलेल्या सांदणाची चव निराळी का, याचं उत्तर त्या अर्ध्या बोटाच्या थरात आहे.

शहरातल्या वाचकांकडे वैल नाही, करवंट्या नाहीत, आणि गॅसच्या शेगडीवर निखारे करायचा सल्ला मी देणार नाही. ओटीजी असेल तर आधी तापवून 180 अंशांवर, वरची-खालची दोन्ही कॉइल लावून, मधल्या फळीवर 40 ते 50 मिनिटं. ओव्हन नसेल तर कुकर. शिटी आणि रबर काढून ठेवायचं, तळाला बोटभर जाड मिठाचा थर, त्यावर जाळी, जाळीवर डबा. झाकण लावून दहा मिनिटं कुकर तापवून घ्यायचा, मग डबा आत आणि आच मंद. पाणी मुळीच घालायचं नाही, घातलं तर ते सांदण होईल. कुकरमध्ये उष्णता खालून येते, झाकण फारसं तापत नाही, म्हणून धोंडस शिजतं पण वरून पांढुरकं राहतं. यावर उपाय असा की गार झालेलं धोंडस ताटात उलटं काढावं, लोखंडी तव्यावर तूप सोडून ती पांढुरकी बाजू दहा मिनिटं मंद आचेवर शेकावी. नुसत्या मायक्रोवेव्हच्या वाटेला जाऊ नये. तो पदार्थातलं पाणी तापवतो, खरपूसपणा त्याच्या हातात नाही.

झालं की नाही हे सुरी खुपसून कळत नाही. केकला ती परीक्षा ठीक, इथे सुरीला काही ना काही चिकटून येणारच. कडा पाहाव्यात. त्या भांड्यापासून सुटून आत ओढल्या गेल्या असतील आणि मधोमध बोटाने दाबल्यावर खळगा न पडता ते परत वर येत असेल तर उतरवावं. वासही बदलतो. आधी गुळाच्या पाकाचा वास असतो, मग तुपात खोबरं परतल्यासारखा येऊ लागतो. उतरवल्यावर दोन-तीन तास हात लावू नये. ऊन असताना कापलं तर त्याचा शिरा होतो आणि दोष रव्याला दिला जातो. दुसऱ्या दिवशी वड्या सुरेख पडतात, चवही मुरलेली असते. वर साजूक तूप किंवा घरचं लोणी. फणसाच्या धोंडसाबरोबर मला काहीच लागत नाही.

या कृतींत सोडा नाही, बेकिंग पावडर नाही, अंडं नाही, दूध नाही. घालणाऱ्यांनी खुशाल घालावं. सोड्याने तवसळी फुगते, मुलांना ती केक म्हणून खपवताही येते. पण ती दुसऱ्या दिवशी कोरडी पडते आणि फळाची चव मागे सरते, म्हणून मी त्या वाटेने गेले नाही.

राहता राहिला प्रश्न तवस मिळण्याचा. मुंबईत माटुंग्याच्या बाजारात मंगळुरी काकडी मिळते, ती पिवळी, बुटकी आणि पट्टेरी असते. तिचा गर तवसापेक्षा घट्ट आणि चवीला किंचित आंबट, म्हणून गूळ वाटीभर पूर्ण घ्यावा आणि गाभ्याचं पाणी गाळून सगळं वापरावं. परदेशात राहणाऱ्यांना हीच काकडी दक्षिण भारतीय मालाच्या दुकानांत बऱ्याचदा सापडते. तीही नसेल तर तिथली लांब, बिनबियांची सॅलडची काकडी घेऊ नका, ती नुसतं पाणी होते. मोठी वाढलेली झुकिनी घ्यावी, बिया काढून किसावी, आणि ती पाणी उशिरा सोडते म्हणून गुळासह पाच मिनिटं जास्त शिजवावी, मगच रव्याला हात घालावा.